आत्या, तुझी रायफल जमा केली

आत्या, तू गेल्याच्या चौथ्या दिवशी तुझी रायफल पोलीस ठाण्यात जमा करून आले. तुझ्या शेजारचे किसनतात्या सोबत होते. तू गुंडाळायचीस त्याच विटक्या गोधडीत ती गुंडाळली, रिक्षा केली, आणि कुरवंड्यापासून लोणावळ्यापर्यंत तात्यांनी ती मांडीवर आडवी धरून ठेवली. ऐंशी वर्षांचा माणूस, रस्ता खड्ड्यांचा, पण हात हलला नाही.  ठाण्यातल्या हवालदारांनी गोधडी सोडली, बोल्ट मागं ओढून नळीत डोकावलं आणि म्हणाले, इतकी जुनी रायफल इतकी जपलेली त्यांनी पाहिली नव्हती. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करायचाय का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. मग कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'परवानाधारक मयत'. तुझ्या नावापुढे तो शब्द मी तिथं पहिल्यांदा पाहिला.

खरं तर भांडण मी जिंकले होते. वीस वर्षं तुला हेच तर सांगत होते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप यायचा, तू रायफल जमा करून यायचीस, पावती कनवटीच्या पिशवीत जपायचीस, आणि निकाल लागला की ती पावती घेऊन ठाण्याच्या पायरीवर हजर. मी सासरहून, घोरावाडीहून, दर वेळी फोन करायचे. म्हणायचे, "आत्या, एकदा दिलीस ना, आता आणू नकोस. राहू दे तिकडंच." तू म्हणायचीस, "बरं, बघू." आणि आणायचीस. एकदा मी फार चिडले. म्हटलं, जिनं माझा बाप खाल्ला तिला तू लेकरासारखं तेल लावतेस, तुला काहीच कसं वाटत नाही? तू फोन ठेवला नाहीस.  मग तू विचारलंस, जेवलीस का.

त्या रायफलीचं कौतुक तू मला लहानपणी किती सांगितलंस. आबा, म्हणजे तुझे वडील, माझे आजोबा, खंडाळ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर राखणदार होते. साहेबाला शिकारीचा नाद. नागफणीच्या कड्याखालच्या रानात वाटाड्या म्हणून तो आबांनाच घेऊन जायचा. देश सोडून जायची वेळ आली तेव्हा त्यानं घोडा विकला, बग्गी विकली, आणि रायफल आबांच्या हातात दिली. स्वतः कचेरीत नेऊन परवान्याचा कागदही करून दिला. पुढं शेळ्या उचलणारा एक बिबट्या आबांनी तिनं पाडला. तेव्हा त्याला बंदी नव्हती. अख्ख्या मावळातून माणसं बघायला आली, बिबट्याला नंतर आणि रायफलीला आधी, असं तू सांगायचीस. अक्रोडाच्या लाकडाचा तो काळपट दस्ता, त्यावरची पितळी पट्टी, पट्टीवरची झिजलेली इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी यायला लागल्यावर मी ती वाचायचा खूप प्रयत्न केला. एकही लागलं नाही.

आबांनी तुम्हा दोघांना नेम शिकवला. दादाला आणि तुला. मीही माझ्या बापाला दादाच म्हणायचे, तुझं ऐकून. खाचराच्या बांधावर करवंट्या मांडायच्या आणि ओढ्याच्या अलीकडून फोडायच्या. दादा चाप ओढताना डोळे मिटायचा, तू मिटायची नाहीस. गावात पोरीच्या हातात बंदूक म्हणून लोक आबांना बोलायचे, तर आबा म्हणायचे, सोनीचा हात हलत नाही, मी काय करू. ही गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस, माझ्या आठव्या नवव्या वर्षी. पुन्हा सांग म्हटलं की उठून कामाला लागायचीस.

दादा कसा गेला ते मात्र सगळ्यांना पाठ होतं. भात पिकायला आलं होतं, डुकरं रोज खाचरं लोळवत होती. दादा रायफल घेऊन राखणीला बसला, माळ्यावरून उतरताना घसरला, हातातली रायफल सुटली आणि गोळी त्याच्याच मांडीत घुसली. लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त सरलं होतं. पंचनामा झाला, रायफल काही महिने सरकारजमा राहिली, मग आबांना परत मिळाली. आई माझ्या जन्मानंतर वर्षभरातच गेली होती. मी सहा वर्षांची. मला तू वाढवलंस.

आणि कसं वाढवलंस, आत्या. चिखलातून मला खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत यायचीस, तिथं माझे पाय धुऊन चपला घालायचीस, आणि लोणावळ्याच्या शाळेत पाठवायचीस. म्हशीचं दूध काढून बंगल्याबंगल्यांवर रतीब घातलास. मी शिक्षिका झाले तेव्हा कुरवंड्यात तू घरोघरी जाऊन पेढा हातात ठेवलास. तुला दोन स्थळं चालून आली होती, हे मला किसनतात्यांच्या मंडळींनी सांगितलं. दोन्हींना तू नकार दिलास. मला वाटायचं, माझ्यासाठी. त्या ओझ्यानं मी तुझ्याशी जरा जास्तच नीट वागायचे आणि मनातून जरा जास्तच चिडायचे.

पण मी चिडायचे त्याहून जास्त दादावर. हे मी तुला कधी बोलले नाही. शाळेतली पोरं मला हसायची. तुझ्या बापाला बंदूक धरता येत नव्हती म्हणायची, लाकडाची खेळणी बंदूक आणून घसरल्याचं सोंग करायची. मी घरी येऊन काही सांगायचे नाही. पण माझ्या मनात बाप म्हणजे एक वेंधळा माणूस होऊन बसला. लेकरू घरात असताना भरलेली रायफल घेऊन घसरणारा. लग्न ठरताना पाहुण्यांनी विचारलं, वडील कशानं गेले, तर मी तापानं म्हणून सांगितलं. तू शेजारीच बसली होतीस. तू मान खाली घातलीस. मला वाटलं, मी खोटं बोलले म्हणून.

खंडेनवमीला कोयता, विळा, फाळ यांच्या ओळीत तू रायफल ठेवायचीस. कुंकू मात्र स्वतः लावायची नाहीस, मला लावायला सांगायचीस. पंधराव्या वर्षी मी एकदा ताट तिथंच ठेवून दिलं, म्हटलं, बापाला मारणाऱ्या वस्तूची पूजा मी करणार नाही. त्यानंतर रायफल पूजेत कुंकवाविना राहायची. भुशीकडच्या एका बंगलेवाल्यानं ती दिवाणखान्यात भिंतीवर लावायला मागितली होती. दोनदा माणूस पाठवला. तू म्हणालीस, "ती शोभेची न्हाई." मला ते ऐकून राग आला होता. वाटलं होतं, बरं झालं असतं गेली असती तर.

यंदा नवरात्राच्या आधीच्या रविवारी मी कुरवंड्याला आले. दुपार होती. तू पडवीत पोत्यावर रायफल घेऊन बसली होतीस, पण गजाला गुंडाळलेलं फडकं नळीतून पुढं सरकत नव्हतं, हातात जोर नव्हता. मला म्हणालीस, जरा ओढ. मी म्हटलं, मला तिला हात लावायला नको सांगूस. तू गज खाली ठेवलास. म्हणालीस, "मंग बस. आज आयकून घे. पुन्ना मला जमायचं न्हाई."

आणि तू सांगितलंस. राखण नव्हती ती, डुकरं उठवून मारायचा हाका होता. शिकारीवर बंदी आली होती म्हणून पोलिसांना राखण सांगितली. दुपार कलली होती. दादा आणि आणखी चौघं डबे वाजवत खालून कारवीच्या दाट झुडपांतून वर येत होते. रायफल दादाच्या हातात नव्हतीच. वर खडकावर तू बसली होतीस, कारण नेम तुझा चांगला. एक डुक्कर फुटलं आणि तुझ्या डावीकडून निसटलं. तू पुन्हा गोळी भरलीस. त्याच वाटेनं कारवी परत हलली.

"म्या मानूस बगितला न्हाई," तू म्हणालीस. "कारवी हलली ती बगितली. आन् म्या डोळं मिटलं न्हाई."

मी विचारलं, मग खोटं कुणी सांगितलं. तू म्हणालीस, आबांनी ठरवलं. बहिणीनं भावाला मारलं हे तोंडातून काढायचं नाही, पोर उघडी पडेल, असं आबा म्हणाले. मग तू माझा हात धरायला आलीस आणि धरला नाहीस. म्हणालीस, "दादाच्या नावाला बट्टा लागला. त्यो घसरनारा मानूस न्हवता. म्या मेल्यावर माज्या दहाव्याला समद्यांसमोर सांग. जिती हाय तवर मला न्हाई व्हायचं."

मी बॅग उचलली आणि निघाले, हे तुला माहीत आहे. तू हाक मारली नाहीस. रस्त्यापर्यंत मी मागं वळून बघितलं नाही.

तुला काय वाटलं असेल मला ठाऊक नाही, म्हणून आता सांगते. तुझ्या हातून गोळी सुटली याचा मला राग नव्हता. खरंच नव्हता. कारवीत माणूस दिसत नाही, त्या रानात वाढलेल्या कुणालाही ते कळतं. मला राग आला तो वेगळाच. सत्तेचाळीस वर्षं मी एका चांगल्या माणसाची लाज बाळगली, त्याचं मरण लपवलं, माझ्या मुलांना त्याचं नाव सांगताना अडखळले, आणि तू हे सगळं शेजारी बसून बघितलंस. मला एकदा कानात सांगायचंस. मी शहाणी झाले होते, शिकले होते, तुझ्याच दुधाच्या रतिबावर. मी कुणाला बोलले नसते.

हे मला तुझ्या तोंडावर बोलायचं होतं. रोज जुळवत होते, शाळेत जाता येता, भाजी निवडताना. पण नंबर लावला नाही. एका मंगळवारी तुझा फोन आला. मी सहावीच्या वर्गावर होते. खडू-फळा सोडून बाहेर येता आलं असतं. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मधल्या सुट्टीतही केला नाही, घरी येऊनही नाही. बुधवारी सकाळी किसनतात्यांच्या सुनेचा फोन आला. तू चुलीपुढं बसल्या जागी कलंडली होतीस. दूध उतू जाऊन विस्तव विझला होता. त्या वासानं ती डोकावली म्हणून कळलं.

सतरा दिवस, आत्या. मी तुला सतरा दिवस शिक्षा केली, आणि तू ती पुरती भोगून गेलीस.

दहाव्याला ओढ्याकाठी सगळं गाव होतं. विधी मी केले, कुणी हरकत घेतली नाही. पिंडाला कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, म्हातारी काही मागं न ठेवता गेली. मला वाटलं, असं कसं. मग रिवाजाप्रमाणे माइक फिरला. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, लोणावळ्याहून आलेले एक पुढारी तुझं नाव चुकून शांताबाई म्हणाले आणि कुणीतरी खालून सुधारलं. सगळे म्हणाले, कष्टाळू, मायाळू, भावाच्या पोरीचा संसार उभा केला.

मग मी उठले. रात्रभर ठरवलं होतं की सांगायचं नाही. दादा तर गेलाच, आता तुझंही नाव का घालवायचं, मेलेल्या बाईला चव्हाट्यावर का आणायचं. पण तू माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतंस. माइक हातात आल्यावर माझा आवाज वर्गात निघतो तसा निघाला. मी म्हटलं, माझे वडील घसरून गेले नाहीत. रायफल त्यांच्या हातात नव्हती. हाका चालला होता आणि गोळी माझ्या आत्याकडून चुकून लागली. तिनं स्वतः मला सांगितलं, आणि आज इथं सांगायला सांगितलं.

मला वाटलं होतं, गलका होईल. कुणीतरी तोंडाला पदर लावेल, कुणी उठून जाईल. मी समोर बघत राहिले. कुणीही दचकलं नाही, आत्या. म्हाताऱ्या बायका खाली बघत होत्या. सरपंचांनी घसा खाकरला. पुढारी तेवढे इकडंतिकडं बघायला लागले.

किसनतात्या उठले. त्यांच्या मुलानं दंड धरला तो त्यांनी सोडवला. माइक घेतला नाही. माझ्याजवळ येऊन हळूच बोलले, पण ओढ्याकाठी इतकं चिडीचूप होतं की मागच्यांनाही ऐकू गेलं असावं.

"त्या हाक्याला म्या व्हतो, पोरी. तुज्या बापाच्या उजव्या अंगाला. आमा चौघांच्या घरातनं गावाला समदं ठावं हाय, पयल्या दिसापास्नं. तिला तेवडं ठावं न्हवतं की गावाला ठावं हाय."

मी विचारलं, मग इतक्या वर्षांत तिला कुणी बोललं का नाही.

"काय बोलायचं? कुनाला कळलं न्हाई, ह्याच्यावर ती उभी व्हती. त्येच काडून घ्याचं व्हय?"

मी म्हटलं, आबांनी सगळ्यांना गप्प केलं ना. तात्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी जे सांगितलं ते तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण माझ्यापर्यंत ते त्या दिवशी पोचलं.

दादाला त्यांनी घोंगडीच्या झोळीत घालून उतरवलं. तू त्याच्या मांडीवर दोन्ही हातांनी लुगड्याचा बोळा दाबून झोळीबरोबर वाकून चालत होतीस, काट्याकुट्यातून, अनवाणी. दादा शुद्धीवर होता. अर्ध्या वाटेवर त्यानं झोळी खाली ठेवायला लावली. चौघांना जवळ बोलावलं आणि म्हणाला, "रायफल माज्या हातात व्हती. म्या घसरलो. सोनीचं नाव कुनी घ्याचं न्हाई." चौघांकडून एकेकाचा हात हातात घेऊन शब्द घेतला. तू तिथंच होतीस, बोळा दाबून. तू नाही नाही म्हणत होतीस, तर तुला म्हणाला, गप. आबांना गावात आल्यावर हे कळलं. त्यांनी फक्त ते पाळलं.

तू मला सांगितलंस आबांनी ठरवलं. एवढं एकच तू बदललंस. का गं? हे वाक्य तू त्या रविवारी पडवीत बोलली असतीस तर मी बॅग उचललीच नसती. तुझ्या गळ्यात पडले असते. दादानंच तुला सोडवलं होतं म्हटल्यावर मी कोण तुला धरणार? आणि तुला हे कळत होतं. इतकी तू नक्कीच शहाणी होतीस. मला वाटतं म्हणूनच तू ते सांगितलं नाहीस. तुला माझी माफी दादाच्या शब्दावर नको होती. मी काय करते ते तुला बघायचं होतं, आणि मी काय केलं ते तू बघितलंस.

किंवा असं काही नसेल. कदाचित ते चार शब्द इतकी वर्षं गिळून तुला ते उच्चारताच येत नसतील. मी विचारायला यायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी किसनतात्यांना घरी सोडलं. उंबऱ्यावर त्यांना पुन्हा विचारलं, अगदी कसं म्हणाला होता, शब्द न शब्द सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं, डोळे मिटून, तितक्याच हळू. मी तिथंच उभं राहून ते वहीत लिहून घेतलं. तात्यांच्या मंडळींनी मला पाणी दिलं. 

आत्या, दादा गेला तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्याचा आवाज, त्याचं बोलणं, काहीच माझ्याजवळ उरलं नव्हतं. आता त्याचं एक वाक्य माझ्याजवळ आहे, आणि ते तुझ्यासाठी बोललेलं आहे.